सहासष्ट आठवड्यांची पँट: कपड्यांच्या पुरवठा साखळीच्या सिम्युलेशनचं एक प्रकरण

तंतूपासून निघून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत एका कपड्याला ६६ आठवडे लागायचे. १९८५-८६ च्या सुमारास कर्ट सॅमन असोसिएट्स या सल्लागार कंपनीने अमेरिकी वस्त्रोद्योगाची साखळी टोकापासून टोकापर्यंत तपासली, तेव्हा हा आकडा निघाला. म्हणजे सव्वा वर्ष. तो पुढे भाषणांमध्ये आणि अहवालांमध्ये भरपूर मिरवला गेला, पण त्याची फोड जास्त बोलकी आहे. ६६ पैकी ११ आठवडे माल कुठल्या ना कुठल्या कारखान्यात प्रक्रियेत असायचा: कताई, विणाई, रंगाई, कटिंग, शिवण सगळं धरून. ४० आठवडे तो गोदामात किंवा वाटेत असायचा आणि उरलेले १५ दुकानात.

वाचल्यावर कोणीही कारखानदार पहिला विचार करतो तो मशीन बदलण्याचा. पण ११ चे ९ केले तरी ६६ चे ६४ होतात. तेवढ्यासाठी कर्ज काढून नवे लूम बसवण्यात काय अर्थ?

त्याच अभ्यासात या दिरंगाईची किंमतही काढली होती: वर्षाला सुमारे २५ अब्ज डॉलर. यात पडून असलेल्या साठ्याचं व्याज होतंच, पण मोठा वाटा दुकानातला होता. न खपलेला माल किंमत उतरवून काढायचा, आणि जो खपत होता तो संपल्यामुळे गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. एकाच दुकानात, एकाच हंगामात, दोन्ही गोष्टी एकदमच. हे कसं होतं, आणि वेळ कमी केल्यावर नेमकं किती वाचतं, हे शोधण्यासाठी पुढे जे संगणकी मॉडेल उभं राहिलं त्याचं हे प्रकरण आहे.

पार्श्वभूमी, थोडक्यात

अमेरिकी गिरण्यांना तेव्हा आयातीने घेरलं होतं. १९७४ पासून लागू असलेल्या मल्टी फायबर अरेंजमेंट या आंतरराष्ट्रीय कराराखाली आयातीवर कोटे होते, तरी स्वस्त कपडा येतच होता. रॉजर मिलिकन यांच्यासारख्या गिरणीमालकांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये 'क्राफ्टेड विथ प्राइड इन यूएसए कौन्सिल' स्थापन झाली आणि वरचा अभ्यास तिनेच करवून घेतला. मजुरीच्या दरात आपण हरणार हे उघड होतं, मग जवळ असण्याचा काही फायदा काढता येतो का, हा त्यामागचा हिशेब.

उत्तराला नाव मिळालं 'क्विक रिस्पॉन्स'. दुकानाच्या काउंटरवर बारकोड वाचला की विक्रीची नोंद थेट कपडा शिवणाऱ्याकडे आणि तिथून गिरणीकडे जावी, आणि हंगाम चालू असतानाच छोट्या छोट्या फेरऑर्डरी निघाव्यात. बारकोड आणि संगणकी कागदपत्रांचं समान प्रमाण ठरवायला १९८६ मध्ये व्हीआयसीएस नावाची समिती बनली. चाचण्याही झाल्या. त्यातल्या एकीत वॉलमार्ट दुकानदार, सेमिनोल पँट शिवणारी आणि मिलिकन कापड देणारी कंपनी होती.

चाचण्यांमध्ये विक्री वाढली. पण का वाढली? त्या वर्षी रंग नशिबाने बरोबर लागले, की सगळ्या वरिष्ठांचं त्या रॅककडे लक्ष होतं म्हणून, की खरंच फेरऑर्डरीमुळे? कपड्यांच्या धंद्यात तोच हंगाम, तीच गिऱ्हाइकं आणि तीच हवा घेऊन, फक्त पुरवठादार बदलून प्रयोग पुन्हा करता येत नाही. सिम्युलेशनची गरज इथे पडली.

मॉडेल काय करत होतं

हे काम मुख्यतः नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात झालं. वस्त्रविद्येचे अ‍ॅलन हंटर आणि औद्योगिक अभियांत्रिकीचे रसेल किंग व हेन्री नटल यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे तेच 'सोर्सिंग सिम्युलेटर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

मॉडेलचा आवाका मुद्दाम छोटा होता: एक कपडा, एक दुकान, एक हंगाम. आत मात्र प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं. ते यादृच्छिक वेळी दुकानात येतं, मनात एक रंग आणि एक साइज घेऊन येतं. ती जोडी रॅकवर असेल तर घेतं. नसेल तर कधी दुसऱ्या रंगावर समाधान मानतं, कधी निघून जातं. निघून गेलं की मॉडेल ते नोंदवतं. खऱ्या दुकानात ही नोंद कुठल्याच वहीत नसते.

मॉडेलची खरी करामत मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. त्यात मागणी दोनदा भरावी लागते: एकदा खरी, एकदा खरेदीदाराने धरलेली. आणि या दोहोंतला फरकही दोन भागांत सांगावा लागतो. एकूण नग किती चुकले हा एक, आणि रंग-साइजची वाटणी किती चुकली हा दुसरा. दुकानातल्या बैठकीत भांडणं पहिल्या आकड्यावर होतात. नुकसान बरेचदा दुसऱ्यात असतं.

हातावर करून पाहू

संगणक बाजूला ठेवून एक हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.

एक पँट, चार रंग, २० आठवड्यांचा हंगाम. खरेदीदाराने १,००० नगांचा अंदाज केला आणि प्रत्येक रंगाचे २५० मागवले. खरी मागणीही बरोबर १,००० निघाली. याहून अचूक अंदाज कोणाचा असणार? फक्त वाटणी वेगळी पडली: नेव्ही ४००, खाकी ३००, काळा २००, राखाडी १००.

नेव्हीचे २५० विकले गेले आणि दीडशे गिऱ्हाइकं परत गेली. खाकीचे २५० गेले, पन्नास परत. काळ्याचे २०० विकले, ५० उरले. राखाडीचे १०० विकले, १५० उरले. एकूण विक्री ८००, शिल्लक २००, हुकलेली विक्री २००. एकूण आकड्यात एका नगाचीही चूक नसताना पाचवा हिस्सा विक्री गेली आणि पाचवा हिस्सा माल अंगावर आला.

आता पैसे. नग १० डॉलरला पडला, २० ला विकला, उरलेला ५ ला काढला. १६,००० अधिक १,००० वजा १०,०००, म्हणजे ७,००० डॉलर सुटले.

दुसरा मार्ग: एक जवळचा पुरवठादार आहे, तो १२ डॉलर मागतो, पण तीन आठवड्यांत फेरऑर्डर देतो. सुरुवातीला प्रत्येक रंगाचे १०० घेतले. दोन आठवडे विक्री पाहिली, उरलेल्या हंगामाची गरज रंगवार काढली, ऑर्डर टाकली. माल पाचव्या आठवड्याच्या शेवटी आला. नेव्ही दर आठवड्याला २० खपत होता, म्हणजे त्याचे १०० नग नेमके तेव्हाच संपत होते. कोणी परत गेलं नाही, काही उरलं नाही. २०,००० वजा १२,०००, सुटले ८,०००. खरेदी वीस टक्के महाग पडूनही हजार डॉलर जास्त. याच हिशेबात हा पुरवठादार १३ डॉलरपर्यंत परवडतो. तिथे दोन्ही सारखे होतात.

गुंतलेल्या पैशातही फरक पडतो. पहिल्या मार्गात हंगामभर सरासरी ५३२ नग रॅकवर होते, दुसऱ्यात ३५०. गुंतलेल्या प्रत्येक डॉलरमागे मिळणारा ढोबळ नफा १.३ वरून १.९ वर जातो. रिटेलवाले याच आकड्याला जीएमआरओआय म्हणतात, आणि हंटर-किंग-नटल यांच्या मॉडेलमध्येही तो मुख्य निकालांपैकी एक होता.

आता तोच १२ डॉलरचा पुरवठादार तीनऐवजी पाच आठवडे लावतो असं धरा. नेव्हीच्या ४० आणि खाकीच्या ५ पँटा हुकतात, सुटतात ७,६४०. सात आठवडे लावले तर ७,०८०. आठ लावले तर ६,८००, म्हणजे स्वस्त आणि संथ पुरवठादारापेक्षाही कमी. 'आम्ही पूर्वीपेक्षा लवकर देतो' एवढ्यावर जास्त दर मागणाऱ्याने आपण या उताराच्या कुठल्या बाजूला आहोत ते आधी पाहावं.

पण यावर लगेच विश्वास ठेवू नका. आठ आठवडे लागणार हे माहीत असेल तर पहिली ऑर्डर १०० ची कशाला? प्रत्येक रंगाचे १५० घेऊन बघा. मग नेव्हीचे ५० हुकतात, राखाडीचे ५० उरतात, आणि सुटतात ७,२५०. पुन्हा ७,००० च्या वर. म्हणजे लीड टाइम (ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) एकटा बघून काही कळत नाही. पहिल्या ऑर्डरीचा आकार, पहिली फेरऑर्डर कधी, त्यानंतर किती वेळा, दर किती, हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. चार रंगांत हे हाताने जमलं. दहा साइज घातल्या की जमत नाही.

साइज घातल्यावर

चार रंग गुणिले दहा साइज म्हणजे ४० एसकेयू (वेगळा साठा ठेवायचे ४० प्रकार). राखाडीची हंगामाची मागणी १००, म्हणजे समान वाटणी धरली तरी प्रत्येक साइजला हंगामात १०, आणि पहिल्या दोन आठवड्यांत सरासरी एक. गिऱ्हाइकं यादृच्छिक येत असतील (मॉडेलं सहसा प्वासाँ पद्धतीने हे धरतात), तर सरासरी एक असताना विक्री शून्य राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. दहांपैकी तीन-चार साइजांसमोर दोन आठवड्यांनी शून्य दिसणार आणि उत्साही विश्लेषक 'या साइज मागवू नका' म्हणून शेरा मारणार. खरं तर त्यांना इतरांइतकीच मागणी आहे.

वर मी दोन आठवड्यांच्या विक्रीवरून मागणी तंतोतंत ओळखली गेली असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. म्हणून असल्या मॉडेलमध्ये आधीचा अंदाज आणि ताजी विक्री यांची भेसळ करून दर आठवड्याला नवा अंदाज काढतात, आणि साइजची वाटणी शक्यतो सगळ्या रंगांच्या एकत्रित विक्रीवरून घेतात. मग तोच हंगाम वेगवेगळ्या यादृच्छिक गिऱ्हाइकांसह शेकडो वेळा चालवतात आणि सरासरीइतकंच लक्ष पसरटपणाकडे देतात. सरासरीला ८,००० देणारं धोरण दर चौथ्या हंगामात ६,००० वर घसरत असेल, तर रोखीची ओढाताण असलेल्या दुकानदाराने ते घ्यावं का, हा वेगळा प्रश्न होतो.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. नेव्हीची ३४ साइज मंगळवारी संपली. बुधवार ते रविवार तिची विक्री शून्य. बारकोडच्या नोंदीत या शून्यात आणि 'कोणी मागितलीच नाही' या शून्यात काहीही फरक नसतो. फेरअंदाजाचं सूत्र रॅकवरचा साठा न बघता नुसती विक्री बघत असेल, तर सर्वात जास्त खपणारा नग त्याला मंद वाटायला लागतो, ऑर्डर कमी निघते, तो आणखी लवकर संपतो. सिम्युलेशनमध्ये खरी मागणी आपणच भरलेली असल्याने ही घसरण डोळ्यांसमोर दिसते. खऱ्या दुकानात ती 'या रंगाचं मार्केट उतरलं' म्हणून खपून जाते. अशी प्रणाली वापरणाऱ्याने 'शून्य विक्री' आणि 'शून्य साठा' हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत का, हे आधी तपासावं. नसतील तर बाकी सगळी हुशारी वाया.

मागच्या दारी

इथवर दुकान होतं. तीन आठवड्यांत ६०० पँटा देणारा माणूस ते कसं करतो?

रंगाची वाटणी त्यालाही आधी माहीत नाही. वरच्या उदाहरणात फेरऑर्डरीत नेव्हीचे ३००, खाकीचे २००, काळ्याचे १०० आणि राखाडीचा एकही नाही. कुठलाही रंग ३०० पर्यंत लागू शकतो म्हणून त्याने चारही रंगांचे ३०० तयार शिवून ठेवले, तर १,२०० पैकी ६०० जातात आणि ६०० त्याच्या गोदामात पडतात. दुकानदाराच्या ताळेबंदात साठा कमी झाला, नफा वाढला, आणि क्विक रिस्पॉन्स यशस्वी. शिल्लक मात्र दोनशेची सहाशे झालेली आहे, फक्त दुसऱ्याच्या नावावर. दुकानापुरतं मॉडेल चालवलं तर हे कधीच दिसत नाही. त्या काळात बऱ्याच कपडा शिवणाऱ्यांची तक्रार हीच होती, आणि ती रास्त होती.

दुसरा मार्ग म्हणजे न रंगवलेलं, धंद्यात ज्याला ग्रे म्हणतात ते कापड ६०० नगांपुरतं ठेवायचं आणि ऑर्डर आल्यावर रंगवायचं. ग्रे कापड कुठल्याही रंगाचं होऊ शकतं, त्यामुळे शिल्लक राहत नाही. इटलीच्या बेनेटनने १९७० च्या दशकात याहून पुढे जाऊन स्वेटर आधी विणून नंतर रंगवायला घेतले, तेही याच तर्काने. पण मग तीन आठवड्यांत रंगाई, फिनिशिंग, तपासणी, कटिंग, शिवण आणि वाहतूक सगळं बसवायचं. रंगाईत लॉटचा प्रश्न येतो: जिगर किंवा जेट मशीन अर्धं भरून चालवणं परवडत नाही, आणि दोन लॉटमध्ये छटा हलली तर एकाच पँटचे दोन पाय वेगळे दिसतात.

शिवणीतही तीच कथा. बंडल पद्धतीत कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे बांधून एका ऑपरेटरकडून दुसऱ्याकडे जातात, आणि प्रत्येक मशीनपुढे गठ्ठ्यांची रांग असते. कारण कोणीही रिकामं बसू नये. पँटवर प्रत्यक्ष सुई चालते ती काही मिनिटं. कारखान्यातून बाहेर पडायला तिला दिवसच्या दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणजे ६६ पैकी 'प्रक्रियेत' म्हणून मोजलेले ते ११ आठवडेही बरेचसे वाट पाहण्याचेच. रांगा छोट्या करायच्या तर कोणीतरी अधूनमधून मोकळं बसणार हे मान्य करावं लागतं, आणि मजुरी नगावर दिली जात असेल तर ते कामगाराला परवडत नाही. मॉड्युलर गट, म्हणजे मोजक्या माणसांनी मिळून पूर्ण कपडा शिवायचा आणि मोबदला गटाला द्यायचा, ही पद्धत तेव्हा अमेरिकेत या कारणाने पुढे आली. ती सिम्युलेटरमध्ये एका आकड्याने आत येते: 'शिवण, दिवस'. कारखान्यात ती आणायला पगाराची सगळी रीत बदलावी लागली.

निकालाचं काय झालं

उद्योगाला मॉडेलकडून एक वाक्य हवं होतं: देशी माल महाग असला तरी एकूणात स्वस्त पडतो. मॉडेलने ते बऱ्याच परिस्थितींत दिलंही, विशेषतः रंग-साइज जास्त आणि अंदाज कच्चा असलेल्या फॅशनच्या कपड्यांत. वर्षानुवर्षं तोच खपणाऱ्या साध्या बनियनसारख्या मालात वाटणीची चूकच कमी, त्यामुळे तिथे घाईचं मोल कमी.

पण मॉडेलच्या दृष्टीने पुरवठादार म्हणजे दर, आठवडे आणि किमान ऑर्डर. कुठल्या देशाचा, हा रकाना त्यात नाही. १९९४ मध्ये नाफ्टा हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोमधला मुक्त व्यापार करार लागू झाल्यावर मेक्सिकोही जवळचा झाला. स्पेनमध्ये झारा आठवड्यातून दोनदा दुकानांना माल पाठवू लागली आणि त्यासाठी स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को असा आसपासचा पट्टा वापरू लागली. १ जानेवारी २००५ ला आयातीवरचे कोटे संपले. अमेरिकेत कपडे शिवणाऱ्या उद्योगात १९९० मध्ये नऊ लाखांवर नोकऱ्या होत्या. २०१० पर्यंत त्या दोन लाखांच्या खाली आल्या होत्या.

आपल्या पँटच्या हिशेबातच याचं एक कारण दडलेलं आहे. पहिले ४०० नग तर हंगामाच्या कितीतरी आधी मागवायचे असतात. ते जवळच्याकडून १२ ला का घ्यायचे? ते लांबच्याकडून १० ला घ्या आणि फक्त ६०० ची फेरऑर्डर जवळच्याला द्या. २०,००० वजा ४,००० वजा ७,२००: सुटतात ८,८००. वरच्या सगळ्या पर्यायांहून जास्त. कुठल्याही शहाण्या खरेदीदाराला सिम्युलेटर हेच दाखवणार, आणि सोर्सिंगची पुढची वाटचाल बरीचशी याच दिशेने झाली.

जवळच्या कारखानदाराकडे मग उरते ती नुसती फेरऑर्डर. एका स्टाइलला ६००, दुसरीला ९०, तिसरी पडली म्हणून शून्य, आणि प्रत्येकीला तीन आठवड्यांची मुदत. ती पाळायची तर त्याला मशीन आणि माणसं मोकळी ठेवावी लागतात, आणि मोकळ्या आठवड्यांचा पगार त्या १२ डॉलरमधूनच निघायला हवा. १३ ही मर्यादा दुकानदाराच्या बाजूने काढलेली आहे. कारखान्याची सरासरी निम्मी क्षमता रिकामी राहणार असेल तर त्याला १३ तरी पुरतात का, हे तपासायला कारखानाच मध्यभागी ठेवून, त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या दुकानांच्या अनियमित ऑर्डरी एकत्र चालवणारं दुसरं मॉडेल लागतं. दर ठरवण्याच्या बैठकीला कारखानदाराने स्वतःचं असं मॉडेल घेऊन बसावं. समोरचा दुकानदार त्याचं घेऊनच आलेला असतो.